ठाण्याची वाट आणि परळची खिडकी

मुंबईच्या मराठी घरांतून तीन-चार पिढ्या एक वाक्प्रचार असा नांदत आला आहे, की ज्यात एका गावाचे नुसते नाव घेतले म्हणजे रोगाचे निदान, त्यावरचा उपाय आणि रोग्याची अखेर ही तिन्ही एका दमात सांगून होत असत. 'ह्याला आता ठाण्याला पाठवायला हवं,' असे कोणी म्हटले म्हणजे ठाण्यात ह्याचे कोण नातलग आहेत, असे विचारण्याचा भोळेपणा ऐकणाऱ्याकडून कधी होत नसे. पुणेकरांनी हेच काम येरवड्याकडे सोपवले, आणि येरवड्यास तुरुंगही असल्यामुळे तेथल्या थट्टेस दुहेरी धार आली. कोकणपट्टीत रत्नागिरीचे नाव पुरे होई. नागपुरात तर वेड्यांच्या इस्पितळाजवळचा चौक रिक्षावाल्यांच्या तोंडी आजही पागलखाना चौकच आहे.

ह्या चार गावांना हा लौकिक ज्या चार इमारतींमुळे प्राप्त झाला, त्यांपैकी नागपूरची १८६४ची, रत्नागिरीची १८८६ची, ठाण्याची १९०१ची आणि येरवड्याची १९१५ची. मंजूर खाटा पाहू गेल्यास येरवड्यास २,५४०, ठाण्यास १,८५०, नागपुरास ९४० आणि रत्नागिरीस ३६५, अशा एकूण ५,६९५ भरतात. ही चारही इस्पितळे सरकारच्या दप्तरातील. ज्या मुंबई शहराच्या महानगरपालिकेने पटकी, प्लेग, क्षय आणि कुष्ठ ह्यांच्यासाठी स्वतःची इस्पितळे उभारली, बाळंतिणींसाठी प्रसूतिगृहे काढली आणि दवाखान्यांचे जाळे विणले, त्या महानगरपालिकेचे नाव वेड्यांच्या इस्पितळांच्या ह्या यादीत मात्र कोठेच नाही. शहराच्या कारभाराने वेडाच्या बाबतीत एवढे अंतर का राखले, आणि अंतर राखूनही पुढे एक लहानशी खिडकी, जवळजवळ नकळत, कशी उघडली, ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

मुंबईतील वेड्यांचे इस्पितळ कुलाब्यास, १८२६च्या सुमारास उभे राहिले. त्या काळी कुलाबा हे मुंबईस जोडलेले नव्हते. आजचा कॉजवे १८३८ साली पुरा झाला, तोवर ओहोटीची वेळ साधून किंवा होडीत बसून पलीकडे जावे लागे. जागा निवडणाऱ्याच्या मनात काय असेल ते असो, वेडा आणि शहर ह्यांच्यामध्ये थोडे पाणी असलेले बरे, ही समजूत त्या निवडीत आपसूक साकार झाली एवढे खरे. त्यातही गोऱ्या वेड्याची गोष्ट निराळी होती. सत्ताधारी जातीच्या माणसाने रयतेच्या डोळ्यांदेखत भ्रमिष्ट होऊन हिंडावे, हे राज्याच्या दबदब्यास मानवणारे नव्हते. म्हणून कंपनी सरकार १८१८पासून अशा रुग्णांना जहाजात घालून विलायतेस, हॅकनी येथील पेंब्रोक हाऊस नावाच्या इस्पितळात पाठवीत असे. एकंदरीत वेडा दृष्टीआड करणे हा धोरणाचा गाभा, आणि त्याचा वर्ण पाहून अंतर किती ठेवायचे ते ठरवणे हा तपशील.

कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले त्याच १८५८ साली ह्या व्यवस्थेस छत्तिसाव्या कायद्याचे कोंदण मिळाले, आणि पुढे १९१२च्या चौथ्या कायद्याने त्याची जागा घेतली. हा १९१२चा कायदा पुढे पाऊणशे वर्षे आणि काही काळ वरती अमलात होता, म्हणून त्याची रीत थोडी जवळून पाहू. घरातील माणसास इस्पितळात ठेवायचे तर नातलगाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, त्यास दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग मॅजिस्ट्रेटने चौकशी करून हुकूम द्यायचा आणि त्या हुकुमाच्या बळावर माणूस इस्पितळाच्या हवाली व्हायचा. जो रस्त्यावर भटकताना आढळेल त्यास पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, आणि निर्णय होईतो दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांनी तीस दिवसांपर्यंत नजरेखाली ठेवायचे. इस्पितळांच्या देखरेखीसाठी अभ्यागत नेमलेले असत, आणि त्या अभ्यागतांत तुरुंगांचा इन्स्पेक्टर-जनरल हा पदसिद्ध असे. स्वखुशीने दाखल होण्याची सोयही कायद्याने ठेवली होती, पण तीही दोन अभ्यागतांच्या संमतीने. आणि ज्या दारावर तुरुंगाधिकारी पाहुणा म्हणून येतो तेथे स्वखुशीने जाणारा कितीसा सापडणार? ठाण्यास जाण्याची वाट अशी पोलीस ठाण्यावरून गेलेली होती. ज्या घराने आजवर कोर्टाची पायरी चढली नव्हती, त्या घरास आपल्याच मुलाविरुद्ध किंवा सुनेविरुद्ध अर्जदार म्हणून उभे राहावे लागे, आणि शेजारपाजारचे लोक आजाराची नव्हे, तर हुकुमाची चर्चा करीत.

ह्याच काळात शहराचा कारभार कोणत्या दिशेने चालला होता तेही पाहिले पाहिजे. १८८८चा म्युनिसिपल कायदा झाला आणि दोनच वर्षांत म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ ह्यांनी निराधार महारोग्यांसाठी माटुंग्याच्या बाजूस आश्रम काढला. आज वडाळ्यास अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखले जाते ते हेच. (मराठी वाचकाने ह्या अ‍ॅकवर्थसाहेबांस दुसऱ्याही एका कारणासाठी ओळखावे: शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या जोडीने त्यांनी जमविलेला पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला. कचेरीत कुष्ठरोग्यांच्या खर्चाची मंजुरी आणि घरी शाहिरांची बाडे, असा हा गृहस्थ होता.) त्यानंतर आर्थर रोडचे साथीच्या रोगांचे इस्पितळ आले, १८९६ साली प्लेग आला, आणि प्लेगाने शहराच्या कारभारास जे शिकवले ते कोणत्याही कायद्याने शिकवले नसते. माझे मत असे, की नगरपालिका ही संस्था मुळात संसर्गाच्या भयातून वाढलेली आहे. जो रोग एका चाळीतून दुसऱ्या चाळीत जातो, आणि चाळीतून निघून मलबार हिलवरही जाऊ शकतो, त्यासाठी कर भरणारा नागरिक खुशीने पैसे देतो. वेड कोणास लागत नाही, म्हणजे एकाचे दुसऱ्यास लागत नाही. म्हणून ते आरोग्यखात्याच्या वाट्यास न येता बंदोबस्ताच्या वाट्यास आले. महारोगी शहराचा झाला. वेडा सरकारचाच राहिला. सरकारने हात आखडता घेतला तेथे धनिकांनी हात दिला, नाही असे नाही. ठाण्याच्या इस्पितळास नरोत्तमदास माधवदास ह्यांचे नाव आहे, आणि त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमधील हैदराबादच्या इस्पितळास सर कावसजी जहांगीर ह्यांचे. पण दानाने भिंती उंच झाल्या, वाट बदलली नाही.

लोक मात्र कायद्याची वाट पाहत बसले नव्हते. ज्यास सरकारी भाषेत वेडा म्हणत त्यास घरात 'ह्याला बाहेरचं झालंय' असे म्हणत, आणि बाहेरच्यावर इलाज करण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. गाणगापूरास दत्ताच्या पायांशी किती घरांनी किती पौर्णिमा काढल्या असतील त्याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. त्या जागांना हसण्याचा अधिकार मला वाटत नाही. तेथे रोगी एकटा जात नसे, सारे कुटुंब बरोबर राही. त्याच्या घुमण्यास आणि ओरडण्यास तेथे जागा होती. आणि परत आल्यावर 'गाणगापूरला जाऊन आलो' हे चारचौघांत सांगता येत असे. तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या लोकांनी आपल्या गोविंदप्रभूंना वेडे म्हणत म्हणतच घरोघर जेवू घातले होते. रोग बरा करण्याची विद्या समाजाजवळ नव्हती, पण रोग्यास वेशीच्या आत ठेवण्याची होती. इस्पितळाने पहिली आणली म्हणावी तर तीही १९३०पर्यंत फारशी आणलेली नव्हती, आणि दुसरी मात्र मोडून टाकली.

ह्या साऱ्या व्यवस्थेस छेद गेला तो परळच्या बाजूने. १९२६ साली महानगरपालिकेने परळ येथे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय आणि त्याच्या जोडीस शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उघडले. ह्या महाविद्यालयासाठी ज्यांनी देणगी दिली त्यांची अट अशी होती, की येथे शिकवणारे सारे हिंदी असावेत. आणि पहिले अधिष्ठाते झाले ते डॉ. जीवराज मेहता. गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, कामगारांच्या चाळींना खेटून, शहराच्या करातून चालणारे आणि एतद्देशीय डॉक्टरांच्या हाती असलेले हे इस्पितळ. लोकांनी त्याचे लांबलचक नाव केव्हाच टाकून दिले आणि 'केईएम' ही तीन अक्षरे मराठी शब्दासारखी तोंडात बसवली. मनाच्या आजारांचा विचार वेड्यांच्या भिंतीबाहेर सुरू होण्याची चिन्हे ह्याच सुमारास इतरत्रही दिसत होती. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस ह्यांनी १९३३ साली सामान्य इस्पितळात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबईस टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले, ते देशातील पहिले. आणि १९३८ साली सरकारी जे. जे. इस्पितळात डॉ. के. आर. मसानी ह्यांनी असाच विभाग उघडला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६च्या अहवालात जी आकडेवारी दिली, ती वाचून आजही मन दचकते. साऱ्या देशात वेड्यांच्या इस्पितळांत मिळून सुमारे दहा हजार खाटा. म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक, तर इंग्लंडात साधारण तीनशे माणसांमागे एक. इंग्लंडाची बरोबरी करायची म्हटले तर ठाण्यासारखी किती इस्पितळे लागली असती ह्याचा गुणाकार वाचकाने स्वतः करून पाहावा. तो गुणाकार कोणत्याही अंदाजपत्रकात बसणारा नव्हता, आणि तो बसला नाही हे एका अर्थी आपले भाग्यच.

१९४७ साली केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया ह्यांनी मानसोपचार विभाग सुरू केला. देशभर त्या वर्षी जे घडत होते त्यापुढे ही बातमी कोणाच्या नजरेत भरण्याजोगी नव्हती. नवी इमारत नाही, उद्घाटनाचा फलक नाही. हाडांचा, डोळ्यांचा, कातडीचा तसा मनाचा एक विभाग, एवढेच. परंतु त्या एवढ्याशा गोष्टीने जे साधले ते कुलाब्यापासून येरवड्यापर्यंतच्या साऱ्या भिंतींना साधले नव्हते. बाह्यरुग्ण म्हणून येणाऱ्यास १९१२चा कायदा लागूच होत नव्हता. अर्ज नको, मॅजिस्ट्रेट नको, हुकूम नको. खिडकीवर जायचे, नाव सांगायचे आणि केसपेपर काढायचा. ज्या खिडकीवर खोकला घेऊन आलेला गिरणीकामगार उभा, गर्भारपण घेऊन आलेली सून उभी, त्याच रांगेत कानात आवाज ऐकू येणारा माणूसही उभा. आणि तिघांच्या हातात कागद एकाच रंगाचा.

आमच्या लालबागच्या चाळीत, मी शाळकरी असताना, एका साचेवाल्याची बायको बाळंतपणानंतर गप्प झाली. आधी स्वयंपाकात मीठ विसरू लागली, मग मूल रडत असताना उंबऱ्यात बसून गॅलरीच्या कठड्याकडे पाहू लागली, मग रात्री उठून कडी काढू लागली. तीन पौर्णिमा गाणगापूर झाले. चौथीच्या सुमारास कोणीतरी 'ठाणे' हा शब्द उच्चारला, तेव्हा सासूने कपाळावर हात मारून घेतला, कारण घरात अजून एक नणंद लग्नाची होती. आमच्या मजल्यावर केईएममध्ये आयाबाईचे काम करणारी एक मावशी राहत असे. ती पाणी भरता भरता म्हणाली, 'अहो, ठाणं कशाला? आमच्या केईएमला आणा. सोमवारी सकाळी या, मी पेपर काढून ठेवते. वॉर्डातल्या मामांना सांगून ठेवीन, ते नीट बसवतील.' सासूने दबक्या आवाजात विचारले, 'आणि लोकांना काय सांगायचं?' मावशी म्हणाली, 'सांगा केईएमला जातो म्हणून. खोटं काय आहे त्यात?'

त्या बाईचे पुढे काय औषधपाणी झाले हे समजण्याचे माझे वय नव्हते. ती हळूहळू पुन्हा नळावर भांडू लागली, एवढे मला आठवते, आणि चाळीत ती बरी झाल्याची खूण म्हणून तेच पुरेसे होते. मला अधिक स्मरते ती तिच्या केसपेपरची घडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गुरुचरित्राच्या पोथीशेजारी, देवाच्या फळीवर तो ठेवलेला असे. ठाण्याचा हुकूम असता तर तो त्या फळीवर कोणी ठेवला असता काय? सामान्य इस्पितळाने त्या घरास औषध दिले ते दिलेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांना सांगता येईल असे एक खरे वाक्य दिले.

केवळ खिडकी उघडून भागले नसते. आत देण्यासारखे काहीतरी असावे लागते, आणि काळही त्या बाबतीत अनुकूल निघाला. विजेच्या झटक्यांची पद्धत इटलीत १९३८ साली निघाली होती, आणि तिच्यासाठी रोग्यास वर्षानुवर्षे कोंडून ठेवण्याचे कारण नव्हते. (सिनेमावाल्यांनी ह्या उपायाची जी बदनामी केली आहे, तीत भूल न देता झटके देण्याच्या त्या काळच्या रीतीमुळे काही तथ्यांश आहे, पण काहीच.) पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिनचा गुण ध्यानात आला, आणि थोड्याच वर्षांत 'लार्गॅक्टिल' हे त्याचे बाजारातले नाव परळच्या औषधाच्या खिडकीवरही ऐकू येऊ लागले. सर्पगंधेची कथा तर आपल्याच अंगणातली. बिहारकडच्या बाजारांत वेड्याची दवा म्हणून विकल्या जाणाऱ्या ह्या मुळीवर गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ साली लिहिले होते. केईएमशीच संबंध असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी १९४९ साली विलायती नियतकालिकात रक्तदाबावरील तिचा गुण मांडला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले, आणि तिच्यातील रिसर्पिन काही वर्षे जगभरच्या वेड्यांच्या इस्पितळांतून वापरले गेले. वाहियांनी स्वतः पुढे पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली एक उपचारपद्धती बसवली आणि डॉ. डुंगाजी व इतर सहकाऱ्यांसह तिच्यावर परदेशी नियतकालिकांत लेख लिहिले. त्या वेळी त्या विभागात शिकलेले डॉ. दिलीप जेस्ते पुढे अमेरिकेत गेले आणि तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. गिरणगावातील म्युनिसिपालटीच्या इस्पितळाचा हा लांबवर गेलेला हात.

नातलगांचे स्थान हा ह्या बदलाचा दुसरा धागा. अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर ह्यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या कुटुंबांना जवळ राहू दिले, हे प्रसिद्ध आहे. केईएमला तंबू ठोकण्याची गरज पडली नाही, कारण सामान्य इस्पितळात नातलग असतोच. तो डबा घेऊन येतो, खाटेखाली चटई टाकून झोपतो, मामांशी हुज्जत घालतो आणि डॉक्टर फेरीला आले की आधी उठून उभा राहतो. नायर इस्पितळ १९४६ साली महानगरपालिकेकडे आले आणि शीवचे इस्पितळ १९४७ साली लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू झाले. तेथेही पुढे हे विभाग निघाले, आणि महानगरपालिकेच्या मोठ्या इस्पितळांतून मानसोपचार ही नित्याची गोष्ट झाली.

येथवरची कथा अभिमानाची. पुढची तशी नाही. महानगरपालिकेने खिडकी उघडली ती आपल्या इस्पितळात, आणि तेथेच ती थांबली. शहर उत्तरेकडे सरकत गेले, दहिसर आणि मानखुर्दपर्यंत पसरले. मनाची खिडकी परळ, शीव आणि मुंबई सेंट्रलच्या आसपास राहिली. ह्या आजाराचे औषध आठवडा-दोन आठवड्यांनी, महिना-महिन्याने, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. दर वेळी रोजंदारीचा एक खाडा, बरोबर येणाऱ्याचा दुसरा खाडा, दोन गाड्यांची गर्दी, आणि रांगेत तीन तास. तिसऱ्या-चौथ्या खेपेस बरे वाटू लागते, आणि जिने बरे वाटते ती गोळीच पहिल्यांदा सुटते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवर संकट ओढवले; त्या घरांचा मोठा भाग केईएमच्या हाकेच्या अंतरावर होता. पण हाक मारायला चाळीत उतरेल असे कोणी इस्पितळाने नेमलेले नव्हते. योगायोग असा, की त्याच १९८२ साली देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. त्यातून बल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या नमुन्यावर १९९६पासून जिल्हा कार्यक्रम निघाला. तो उत्तम, पण त्याची सारी रचना जिल्हा, तालुका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ह्या उतरंडीवर बेतलेली. ज्या शहरात दवाखाने महानगरपालिकेचे, वेड्यांचे इस्पितळ राज्य सरकारचे आणि योजना केंद्राची, तेथे रोग्याचा कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना वाटेतच हरवतो.

ह्या बाबतीत इटलीतील त्रिएस्ते ह्या बंदराची गोष्ट आठवते. तेथील वेड्यांचे इस्पितळ १९०८चे, आणि त्याचा कारभार तिकडच्या रीतीप्रमाणे प्रांतिक मंडळाकडे, म्हणजे स्थानिक स्वराज्याकडे होता. १९७१ साली मंडळाचे अध्यक्ष मिकेले झानेत्ती ह्यांनी फ्रांको बझाल्या नावाच्या डॉक्टरास आणले. तेव्हा आत बाराशेच्या आसपास माणसे होती. १९७३ साली त्यांनी मिळून कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड निळा घोडा केला आणि तो घेऊन गावात मिरवणुकीने निघाले; घोडा दारातून मावेना, तेव्हा दाराचीच तोडफोड करून तो बाहेर काढावा लागला. १३ मे १९७८ रोजी इटलीने अशी इस्पितळे बंद करण्याचा कायदा केला, आणि त्रिएस्तेत त्यांची जागा रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या वस्ती-केंद्रांनी घेतली, प्रत्येकात मोजक्याच खाटा. आपल्याकडे हे का घडले नाही असे विचारणाऱ्यास माझे उत्तर साधे आहे: जे इस्पितळ त्रिएस्तेच्या मंडळाचे स्वतःचे होते ते त्याला मोडता आले, मुंबईच्या महानगरपालिकेजवळ मोडायला काही नव्हते, तिला फक्त उघडता येत होते.

आणि ज्या दोन गावांची नावे शिवीसारखी वापरली गेली, तेथेच नंतरच्या काळात काही वेगळे उगवले हेही नोंदवले पाहिजे. १९८६ साली येरवड्याच्या इस्पितळाच्या आवारातच डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी व्यसनमुक्तीसाठी 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. देशपांडे ह्यांच्या पाठबळाने. आणि १९९० साली ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. नाडकर्णी केईएमचेच विद्यार्थी. 'ठाण्याला जाऊन येतो' असे मनाच्या कामासाठी सहज म्हणणारी माणसे ह्या संस्थेमुळे मी स्वतः पाहिली आहेत. ह्या संस्था कोणत्याही नगरपालिकेच्या नव्हेत. शहराच्या कारभाराने जी जागा रिकामी सोडली तेथे त्या उभ्या राहिल्या.

१९१२चा कायदा जाऊन १९८७चा आला, आणि तोही जाऊन २०१७चा आला, जो २९ मे २०१८पासून अमलात आहे. ह्या शेवटच्या कायद्याने मानसोपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि रोग्यास उपचारासाठी दूरवर जावे लागू नये, सोय त्याच्या राहत्या जागेजवळ असावी, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले. मुंबईत राहत्या जागेजवळ काय आहे? महानगरपालिकेचे दवाखाने आहेत, पावणेदोनशेच्या घरात. त्यात डॉक्टर आहे, औषधवाटप करणारा आहे, केसपेपरची खिडकी आहे. २०२२च्या अखेरीपासून 'आपला दवाखाना' ह्या नावाने त्यांत आणखी भर पडत आहे. नवी भिंत बांधण्याचे कारण नाही. १९४७ साली परळला जे केले तेच धारावीला, गोवंडीला, मालवणीला करायचे आहे: मोठ्या इस्पितळात निदान झालेल्या माणसास त्याची महिन्याची गोळी घराजवळच्या खिडकीवर मिळावी, ठरल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ तेथे येऊन बसावा, आणि जो आला नाही त्याच्या दारावर आरोग्यसेविकेने, ती पोलिओचे थेंब देताना वाजवते तशीच, कडी वाजवावी.

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी फेब्रुवारीच्या आसपास मांडले जाते, आणि त्याच्या आधी दोन-तीन महिने त्याच्या तरतुदी खात्या-खात्यांत ठरत असतात. वाचकांस विनंती एवढीच, की पुढच्या खेपेस खोकल्यासाठी आपल्या वॉर्डातील दवाखान्यात जाल तेव्हा तेथल्या डॉक्टरांना विचारा, केईएमने लिहून दिलेल्या मनाच्या आजाराच्या गोळ्या येथे मिळतात काय. उत्तर 'नाही' असे आले तर ते एका कागदावर लिहून वॉर्ड ऑफिसात नेऊन द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.